जप्त इस्त्री परत न करण्याबाबत

प्रति,
मा. सामान अधीक्षक,
प्रवासी सामान कक्ष, खालचा मजला,
याच जहाजावर.

विषय : माझ्याकडून जप्त झालेली इस्त्री मला परत न देण्याबाबत, तसेच उद्या उतरताना आमची तपकिरी बॅग लाल टोपीवाले हमाल यांनी न उचलण्याबाबत.

संदर्भ : जहाज सुटण्यापूर्वी आपल्या समक्ष झालेली माझी शोभा.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून खालील अर्ज सादर करीत आहे. मी आयुष्यभर एका कार्यालयाच्या जावक विभागात नोकरी केली असल्याने अर्ज कसा लिहावा हे मला कळते. तरीही काही ठिकाणी भाषा सुटली, तर ती माझ्या मनःस्थितीमुळे सुटली असे समजावे.

१. माझी पत्नी हाडांच्या वॉर्डात परिचारिका होती. पाठीचा मणका सरकलेले हमाल तिने इतके पाहिले आहेत की सामान भरायला बसली की तिला आधी उचलणारा माणूस दिसतो, मग प्रवास दिसतो, आणि जागा उरली तर मी. जड वस्तू खाली चाकांच्या बाजूला, हलक्या वर. लोंबणारा एकही पट्टा नाही, कारण त्यात कुणाचे तरी बोट अडकते. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान. शिवाय प्रत्येक बॅगेवर ठळक अक्षरांत चिठ्ठी : 'जड आहे, गुडघे वाकवून उचला' किंवा 'हलकी आहे, एका हाताने चालेल'. याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार पुढे आहे.

२. ती बॅगेच्या मुठीला मऊ कापड गुंडाळून शिवते. तळहाताला काचू नये म्हणून. महोदय, आमच्या घरात गॅसची टाकी मी चढवतो. पिठाच्या गोण्या, पाण्याचे कॅन, तिच्या माहेरचे लोखंडी कपाट, हे सर्व मी उचलले आहे. त्यातील एकाही वस्तूच्या मुठीला आजवर चिंधीसुद्धा लागली नाही. आणि बॅगेच्या मुठीसाठी तिने कापड कोणते घेतले, तर माझा निळा सदरा फाडला. मी विचारले तेव्हा म्हणाली, "इतका मऊ झालाय, कुणाच्या हाताला टोचणार नाही." तो सदरा मऊ कुणाच्या अंगावर झाला, याची दखल कुठेही घेण्यात आली नाही.

३. मागील सहलीत आपल्या जहाजावरचे एक लाल टोपीवाले हमाल आमची बॅग घेऊन खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, "ताई, तुमची बॅग म्हणजे कापूस हो. कुणी भरलीये ते हाताला कळतं." बस्स. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचा मुक्काम आहे. उतरताना मुठीचे कापड एका बाजूने उसवले होते, ते त्यांनी जाड दोऱ्याने टाचून दिले. ते टाके पत्नीने शेजारणीला दाखवले, माझ्या बहिणीला दाखवले, दूधवाल्यालाही दाखवले. ती त्यांना भाऊ म्हणते, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु तिचा सख्खा भाऊ मला चांगला माहीत आहे, आणि त्याच्या पाठीची चौकशी तिने कधी केलेली मला आठवत नाही.

४. यंदाच्या सहलीची तयारी सुरू झाली आणि माझ्या सामानावर कात्री चालू लागली. माझा जाड कोट बाहेर. चामड्याचे बूट बाहेर. दुर्बीण बाहेर. दर वस्तूमागे एकच वाक्य, "त्या माणसाच्या पाठीचा विचार करा ना जरा." माझा जळफळाट होत होता, आणि या वयात तो कुणाला सांगण्यासारखा नसतो. आपणांस सांगत आहे, कारण आपण अधिकारी आहात आणि उद्यानंतर आपली भेट होण्याचा संभव नाही.

५. निघण्याच्या सकाळी पत्नी अंघोळीला गेली असता मी तपकिरी बॅग उघडली आणि तिच्या तळाशी आमची जुनी लोखंडी इस्त्री ठेवली. जहाजावर इस्त्री नेण्यास मनाई आहे, आगीचा धोका असतो, हे मला ठाऊक नव्हते. मला कपड्यांना इस्त्री करायचीही नव्हती. त्या माणसाने एकदा तरी "बाप रे" म्हणावे आणि ते पत्नीच्या कानावर पडावे, एवढाच माफक हेतू होता. बॅगेवर 'हलकी आहे, एका हाताने चालेल' ही तिची चिठ्ठी आधीच लागलेली होती. ती मला दिसत होती. मी ती काढली नाही.

६. पुढील प्रसंगास आपण साक्षी आहात. तिच्या शब्दावर विसंबून लाल टोपीवाले यांनी बॅग एका हाताने उचलली आणि त्यांच्या कमरेत उसण भरली. बॅग तपासणीच्या यंत्रात इस्त्री दिसली. मला खाली बोलावण्यात आले. पत्नीस मी कागदपत्रांचे काम आहे असे सांगून आलो. लाल टोपीवाले पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून स्टुलावर बसले होते. त्यांनी इस्त्रीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "साहेब, ही ताईंनी नाही भरलेली." त्यांनी मला शिवी दिली असती तर माझे काम सोपे झाले असते. उलट आपल्यासमोर हात जोडून म्हणाले, "ताईंना सांगू नका कुणी. त्यांच्या जिवाला लागेल." महोदय, माझ्या बायकोच्या जिवाला काय लागेल हे मला सुचायच्या आत त्यांना सुचले. तेथेही ते पुढे आणि मी मागे.

७. संध्याकाळी बॅग त्यांनी स्वतःच खोलीवर आणली. पत्नीने विचारले, "जड नव्हती ना हो?" ते म्हणाले, "छे हो ताई, कापूस." ताठ उभे राहून म्हणाले. ते कसे उभे होते हे मला कळत होते. हाडांच्या वॉर्डात उभी हयात काढलेल्या माझ्या पत्नीला मात्र कळले नाही, इतकी ती आनंदात होती. त्यानंतर संपूर्ण सहलीत मी समुद्राकडे पाहिलेले नाही. ते जिन्यात दिसले की मी लिफ्ट धरतो.

८. सबब माझ्या विनंत्या पुढीलप्रमाणे :

(अ) इस्त्री मला परत देऊ नये. ती घरी आली तर पत्नी विचारेल, आणि मला तिच्यासमोर खोटे बोलता येत नाही. आपल्या नियमांत बसेल तशी इस्त्रीची विल्हेवाट लावावी.

(आ) लाल टोपीवाले यांना उद्या उचलण्याचे काम देऊ नये. कमरेत उसण असताना ते नको म्हणणार नाहीत, विशेषतः आमच्या बॅगेला. त्यांना बसून करायचे काही काम द्यावे आणि कारण विचारल्यास कार्यालयीन सोय असे सांगावे.

(इ) आज रात्री आम्ही इतर प्रवाशांप्रमाणे बॅग खोलीबाहेर ठेवू. ती आपण खालच्या मागच्या जिन्यापाशी ठेवून द्यावी. सकाळी पत्नी रांगेतून उतरेल. मी चष्मा राहिला असे सांगून मागे थांबेन आणि ती बॅग स्वतः धक्क्यावर नेऊन इतर सामानात उभी करीन. प्रवाशाने त्या जिन्याने जाऊ नये असा नियम आहे, हे मी फलकावर वाचले आहे. एवढ्या एका बाबतीत सवलत मिळावी.

९. हे सर्व पत्नीस कळू देऊ नये, ही माझी शेवटची आणि खरी विनंती आहे. हा अर्ज लिहीत असता ती समोर पलंगावर बसून तपकिरी बॅगेची मूठ नव्याने शिवत आहे. जुने कापड मळले म्हणून तिने सदऱ्याची उरलेली बाही आणली आहे. दोन पदर घालते आहे, मध्येच मूठ स्वतःच्या हातात धरून पाहते आहे, आणि टाका जाड वाटला की उसवून पुन्हा घालते आहे. मी काय लिहितो आहे असे तिने विचारले, मी हिशेब म्हणालो. म्हणजे खोटे बोलता येत नाही हे वर लिहिलेले कृपया दुरुस्त करून वाचावे. ती ही मूठ त्यांच्यासाठी शिवते आहे. माझ्यासाठी आहे असे कळले तर सुई टोचून ठेवील आणि म्हणेल, "तुम्हाला कशाला? तुम्हाला कुठे काय होतं?" हे तिला मीच सांगत आलो आहे, दर वेळी, टाकी खाली ठेवता ठेवता.

म्हणून धक्क्यापर्यंत तरी ती बॅग माझ्या हातात असू द्यावी.

कळावे,

आपला विनम्र व इस्त्रीपुरता गुन्हेगार,
तपकिरी बॅगवाल्या ताईंचे पती

स्थळ : आमची खोली, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : उतरण्याच्या आदला दिवस, दुपार

सोबत :
१. इस्त्रीच्या जप्तीची पावती.
२. कमरेला लावायच्या मलमाची नळी, लाल टोपीवाले यांच्यासाठी. ताईंच्या औषधांच्या डब्यातली आहे, पण ताईंना काही कळलेले नाही, असे सांगावे. तेवढे त्यांना बरे वाटेल.