डाव्या तळहातावरचा दगड

खाण कॉलनी, ७ जानेवारी १९८२

चिंधूदादास तुया बहिणीचा जयभीम.

रविवारी तू आला तेव्हा मी घरामागं कायले बसली होती, ते तुले सांगितलं नाही. टोपल्याखाली दगड झाकले होते.

बारा वर्सं मी खाणीवर मँगनीज वेचलं. चांगला माल जड असते, साधा दगड हलका. हाताले आपोआप समजते. उजव्या हाताचे तीन बोटं दगडाखाली गेले, मग डाव्या हातात दगड घेऊन पाहिला, तं सगळेच जड लागले. लय रडली. पण रोज बसली. काल सासूनं माहे डोळे बांधले अन् एकामागं एक वीस दगड हातावर ठेवले. एकच चुकला.

तू म्हणाला, "कामावर गेली तं भरपाईचे महिन्याचे पैसे बंद होतील. लपून बिड्या वळ." दादा, बिडी वळाले बोटं लागतात. दगड तोलाले तळहात पुरते. अन् लपू कायले? उद्या खाणीच्या साहेबाले सगळं सांगीन अन् वेचाचं काम मागीन. पैसे कमी केले तं करू दे. ते गेलेल्या बोटायचे हायेत, घरी बसाचे नाहीत.

हे पत्र टाकत नाही. वाचून तू पवनीहून पहिल्या एसटीनं येशील अन् मले दारातच अडवशील.

गेले ते तीन बोटं, दादा. मी कुठं गेली?

सकाळी सगळ्यायच्या आधी हापिसापुढं उभी राहनारी,
तुयी बायजा