चौघांचं एकमत आणि आपल्या वस्तीची बोअर

आदरणीय प्रेमानंद मामा,

सप्रेम जयभीम. तुमची, मामीची आणि म्हशीची तब्येत ठीक असेल असं धरून चालते (म्हशीची तरी नक्कीच, ती नाल्याचं पाणी पिते).

मी मजेत आहे, कारण विद्यापीठाच्या संशोधनगटात माझं मुख्य काम फोटोत मधोमध उभं राहण्याचं आहे. गटात आम्ही पाच: वैजनाथ सर, आल्हाद, श्रद्धा, सरांचा एक जुना विद्यार्थी आणि मी. पैकी चौघं एकाच शहरातल्या एकाच शाळेचे. अनुदानाच्या अर्जात 'गटातील विविधता' असा रकाना होता. तो रकाना म्हणजे मी. (वऱ्हाडी, बौद्ध, खेड्यातली आणि बाई: एका माणसात चार कामं उरकली, सर खूष.) बैठका दहा मिनिटांत आटोपतात, कारण चौघांचं आधीच पटलेलं असतं. मी काही बोललेच, तर इतिवृत्तात 'चर्चा झाली' एवढंच येतं.

तर आपल्या गावचं पाणी आणि किडनीचं दुखणं यांचा अभ्यास करायला आम्ही आलो, ते तुम्ही पाहिलंच (लांबूनच, आमची जीप आपल्या वस्तीत आलीच कुठं?). सरपंचाची विहीर, देवळाजवळची हापशी, पंचायतीची टाकी, संपले नमुने. मी म्हटलं, सर, किडनीचे सहाच्या सहा पेशंट आमच्या वस्तीतले हायेत, त्यायच्या बोअरचं पाणी काऊन नाही घेतलं? (राग आला की माझं असंच सुटते.) सर गोड हसून म्हणाले, "मयुरी, पाण्याला जात नसते." घ्या आता! पाण्याले नसंल हो, पण बोअर कोणाच्या वस्तीत आहे ते तर पाहाल! तोवर सरपंचाकडं पानं वाढून झाली होती. सगळे जेवायला बसले. मीही बसले.

निष्कर्ष निघाला: गावाचं पाणी पिण्यायोग्य, दुखण्याचं कारण 'राहणीमान'. शोधनिबंध छापून आला. गटाला 'सर्वसमावेशक' म्हणून पुरस्कार मिळाला आणि गुच्छ माझ्या हाती दिला. त्या सहांतले आपले जानराव आबा त्याच दिवशी गेले. मला मातीला येता आलं नाही, सत्काराचा फोटो होता. लाज वाटते, मामा.

तुमची भाची,
मयुरी

ता. क. : मागं घरी आले होते, तेव्हा मामीनं एसटीत प्यायला आपल्या बोअरवरून भरून दिलेली बाटली मी प्रयोगशाळेत तपासली. ते पाणी आजपासून पिऊ नका, चहालेही घेऊ नका. त्यात जे आहे ते उकळून जात नाही.

आणखी एक : टँकर मागायला जाल, तर आमचाच निबंध तुमच्यापुढं टाकतील. म्हणून वस्तीतर्फे त्या निबंधाविरुद्ध तक्रार करा. बाटलीचा अहवाल सोबत जोडलाय. लेखकांत माझं नाव दुसरं आहे. सही कर म्हणाले, मी केली. मले पीएचडी पाहिजे होती. तक्रारीत भाची म्हणून माझं नाव गाळू नका.