विहीणबाईंची थंडी

८ जानेवारी, मंगळवार

विहीणबाई निघाल्या. आज सकाळी हार्बिनहून गाडीत बसल्या, परवा सकाळी चेंगडूत. बातमी शिहांगने दिली, रूनिंगने दुजोरा दिला. विमानाला बाई नको म्हणाल्या. "मध्येच उतरावंसं वाटलं तर?" असं विचारत होत्या म्हणे.

मुद्दा एकच. शिहांग, म्हणजे बरीच वर्षं इथेच असलेला आमचा होणारा जावई, याला हार्बिनच्या विद्यापीठाने नोकरीला बोलावलं आहे. महिनाअखेर उत्तर द्यायचंय. तो म्हणतो, आई म्हणेल तसं. वडील नाहीत, आई एकटी, हा एकुलता. आमची रूनिंगही एकुलती, आणि ती म्हणते, शिहांग म्हणेल तसं. थोडक्यात, माझी पोरगी दोन गल्ल्या पलीकडे राहणार की तीन हजार किलोमीटर पलीकडे, हे मी कधी न भेटलेली एक बाई ठरवणार.

बेत असा — पाच दिवस चेंगडू दाखवायचं आणि बाईंचं मन वळवायचं. पंगला सांगितलं. नवरा असला तरी बरा माणूस आहे. म्हणाला, "तू जाहिरात कर, मी स्वयंपाक करतो."

९ जानेवारी

खोली आवरली. पंग दुसरी रजई काढायला लागला. मी थांबवलं. म्हटलं, "हार्बिनची बाई आहे. तिकडे उणे पंचवीस. आपल्या सहा अंशांनी तिला काय होतंय?"

१० जानेवारी

चुकलं. साफ चुकलं.

बाई आल्या. उंच, लाल गालांच्या, डोक्यावर केसाळ टोपी, पिशवीत धुरी दिलेली लाल सॉसेजं. दारात शिरल्या तशा कोट, टोपी, स्वेटर भराभर काढून पातळ सदऱ्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे घरात तसंच राहतात. दोन मिनिटं गेली. मग एकेक करून सगळं परत अंगावर चढलं.

"ताई, हीटिंग बंद पडलंय का?"

"आमच्याकडे हीटिंग नसतं."

"म्हणजे आज नाही?"

"म्हणजे कधीच नाही. भिंतीत पाइपच नाहीत."

त्यांनी भिंतीवरून हात फिरवला. रोग्याच्या कपाळावरून फिरवावा तसा. बाईंची उभी नोकरी हार्बिनच्या एका बॉयलरघरात गेली. हजारो घरांना ऊब पुरवणारी बाई, आणि तिला मी एक रजई दिली!

जेवताना पंगने फुशारकी मारली, "सगळं अगदी कमी तिखट केलंय." आमच्या हिशेबाने खरंच कमी होतं. पहिल्याच घासाला बाईंच्या डोळ्यांतून धारा. पाणी प्यायल्या, नाक पुसलं, म्हणाल्या, "चला, कान तरी गरम झाले."

रात्री तीन रजया, गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि त्यावर पंगचा लष्करी कोट. आतून आवाज आला, "ताई, आता कूस बदलता येत नाही."

११ जानेवारी

पांडा. दार उघडायच्या आधीच रांगेत. दहानंतर गेलं तर नुसत्या झोपलेल्या पाठी दिसतात.

थंडीत ते खुशीत असतात. एकजण लाकडी घसरगुंडीवरून डोक्याकडून खाली येत होता, पुन्हा चढत होता. बाईंनी बराच वेळ पाहिलं. "याला घरात हीटर आहे?"

"नाही. त्याला थंडी आवडते."

"मग याचं बरं आहे. तो बाहेरच राहतो. तुम्ही आत राहता."

पुढच्या कुंपणात मानमान, सात वर्षांची मादी. पाठ करून बसली होती. विहीणबाईंनी हाका मारल्या, "ए मानमान, ए बाळा, वळ की." त्यांचं बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं — स्वच्छ, गोलगोल. मानमानने कान हलवला नाही. पाठीमागच्या दारातून तिची सांभाळणारी मुलगी आली, बांबूच्या कोंबांची पाटी घेऊन. हसली.

"मावशी, तिला रेडिओची भाषा कळत नाही. जन्मल्यापासून इथलीच बोली ऐकलीय." आणि आमच्या चेंगडूच्या हेलात, शेवटचा सूर लांबवून तिने हाक मारली. मानमान उठली, ढुंगण हलवत थेट दाराशी.

"शहाणी आहे," विहीणबाई म्हणाल्या.

शिहांग जरा लांब फोनवर बोलत होता. नाश्त्याला निघायचं होतं. बाईंनी त्याला दोनदा बोलावलं, त्याचं लक्ष नव्हतं. मग मी ओरडले, "ए पोरा, शेवया खायच्यात का नाही?" तो वळला आणि आमच्याच हेलात म्हणाला, "आलो आलो, माझ्या वाट्याचं तिखट कमी करायला सांगू नका."

शेवयांच्या दुकानात बाईंनी शेवया नुसत्या ढवळल्या. पांडा आवडले नाहीत की काय? एरवी मला माणसं वाचता येतात. या बाई येत नाहीत.

१२ जानेवारी

सानशिंगत्वीचं संग्रहालय. तीन हजार वर्षांपूर्वीचे काशाचे मुखवटे, डोळे बाहेर आलेले. विहीणबाई : "यांच्याही घरात पाइप नव्हते, दिसतंच आहे."

पहारेकरीसुद्धा हसला. मी मात्र काळजीत. सगळं फिरून थंडीवर येतंय.

१३ जानेवारी

बागेतला चहा. वेताच्या खुर्च्या, झाकणाचे कप, शेजारच्या टेबलावर पत्ते. कान कोरून देणारा माणूस चिमटा वाजवत आला तेव्हा बाईंनी टोपी कानांवर ओढली. "बाबा रे, हे कान गोठलेत. मोडतील."

मग तळ्यापलीकडे बायकांचा नाच सुरू झाला. बाई बघायला उठल्या आणि जाताना झाकण उताणं करून कपावर ठेवलं. परत आलो तर टेबल रिकामं.

"माझा अर्धा चहा!"

चहावाला किटली घेऊन आला. "मावशी, झाकण उताणं ठेवलंत. म्हणजे झालं, उचला."

"आणि परत यायचं असेल तर?"

"तर झाकण खुर्चीवर ठेवायचं. मग राजा आला तरी त्या खुर्चीत बसत नाही आणि कपाला कोणी हात लावत नाही."

"किती वेळ?"

"तुम्ही येईपर्यंत."

नवा चहा आला. दोन तास बसलो. बाई बॉयलरघराच्या गोष्टी सांगत होत्या. एका हिवाळ्यात पहाटे पंप बंद पडला, साहेब रडायला लागले, बाईंनी त्यांना कोळसा उचलायला लावला. मी इतकी हसले की चहा सांडला. जाहिरात करायचं विसरूनच गेले. शिहांगच्या नोकरीचा विषय त्यांनीही काढला नाही.

१४ जानेवारी

संध्याकाळी नाटकगृह. नट डोळ्यांसमोर चेहरे बदलतो — लाल, हिरवा, काळा. बाई म्हणाल्या, "आमच्या साहेबांना हे बिनमुखवट्याचं जमायचं."

परतताना रूनिंगने त्यांचा हात आपल्या कोटाच्या खिशात घेतला. मला ते दिसलं. चांगलं वाटलं. जरा दुखलंही.

१५ जानेवारी

गेल्या.

सकाळी पंगने शेवया केल्या, खरोखर बिनतिखटाच्या. स्वतःच्या हाताने आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी मागून तिखट घेतलं, एक चमचा. मग बाल्कनीत एकट्याच चहा घेऊन बसल्या. कोट, टोपी, मफलर. खालची गल्ली बघत होत्या. गाडीला उशीर होईल म्हणून मी घाईने उठवलं.

स्टेशनवर मला राहवलं नाही. सरळ विचारलं, "विहीणबाई, पोरांचं काय ठरवलंत?"

त्यांनी माझा हात दाबला. त्यांचा हात गरम होता, माझा गार. "ताई, मला एकच मुलगा आहे."

याचा अर्थ आणखी कोणाकडून पडताळून घ्यायची गरज नव्हती.

घरी आल्यावर पंगला म्हटलं, "हरलो." तो म्हणाला, "पाइप असते तर जिंकलो असतो."

१६ जानेवारी

त्यांच्या पलंगावरच्या रजया काढल्या नाहीत. बाल्कनीतला कपही तसाच पडलाय. उद्या बघू.

रूनिंग हार्बिनच्या थंडीसाठी बुटांच्या किमती बघत बसली आहे. मी बाजूला बसून रंगाबद्दल मत दिलं. तपकिरी.

१७ जानेवारी

सकाळी हार्बिनहून फोन. घरात पाय ठेवल्या ठेवल्या केलेला.

"ताई, माझा कप उचललात का?"

फोन कानाला लावूनच बाल्कनीत गेले. कप कठड्यावर. झाकण खुर्चीवर.

"नाही."

"उचलू नका. शिहांगला सांगितलं, इकडच्या नोकरीला नाही म्हण. ती मानमान हार्बिनला आणली तर कोणाची हाक ऐकणार? त्यालाही तुमचीच हाक कळते. मला एकच मुलगा आहे, तो असेल तिथे मला राहायला हवं."

मी झाकण होतं तिथेच राहू दिलं. मग एवढंच विचारलं, "आणि थंडी?"

"भाऊजींना म्हणावं भिंतींवरचं सामान हलवा. पाइप मी स्वतः बसवणार आहे."

हार्बिनचं हीटिंग वीस एप्रिलला बंद होतं, म्हणाल्या. एकवीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढणार आहेत. फक्त येण्याचं.