मोरीच्या पाण्याची भिंत

वाघोली,
५ सप्टेंबर २०१५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर टाइप करायला तू तयार नाहीस, म्हणून ही टपालाची हौस. गुडघा कसा आहे?

माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही. घरामागच्या भिंतीवर मी कुंड्यांच्या रांगा लावल्यात, हे तुला सांगितलंच होतं. मोरीचं आणि कपड्यांचं पाणी पंप लावून पाइपनं वरच्या रांगेत सोडायचं. काथ्या, खडी आणि कर्दळ-अळूच्या मुळांतून झिरपत ते खालच्या टाकीत येतं, तेव्हा नितळ असतं. तेच मी संडासात आणि बागेला वापरते. यंदा पावसानं दडी मारलीय, सोसायटीत टँकरसाठी हमरीतुमरी चाललीय, आणि आमचे सेक्रेटरी हिंदुराव म्हणतात की ही सांडपाण्याची घाण इथे चालायची नाही, दसऱ्याच्या आत भिंत मोकळी करा! लेकरासारखी जपलेली झाडं मी उपटू? नुसता संताप होतोय.

लोभ आहेच, चेष्टा जरा आवर.

तुझी पद्मजा

नारायण पेठ,
८ सप्टेंबर २०१५

चि. पद्मजास,
अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तिथेच आहे.

पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं ते पुण्यापर्यंत. तू पुण्याबाहेर घर घेतलंस, आता भोग. लोक भिंतीवर तसबिरी लावतात, तू मोरी लावलीस. सोवळं मी केव्हाच सोडलं, पण आंघोळीचं पाणी ते आंघोळीचं पाणी. हिंदुरावांच्या नाकाला मी दोष देणार नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलंस, आता शेजाऱ्यांना तरी सुटी दे.

अनंत चतुर्दशीला जेवायला ये. येताना अळू आणू नकोस.

तुझा दादा

वाघोली,
२९ सप्टेंबर २०१५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा मी तुझ्याकडे जेवत होते तेव्हा इथे काय झालं ते वाच. विसर्जनाच्या हौदासाठी मागवलेला टँकर आलाच नाही. आरती होऊन मूर्ती पाटावर, आणि हौद कोरडा. हिंदुरावांना माझी टाकी दिसली. पाणी इतकं स्वच्छ, की त्यांना वाटलं मी बोअरचं साठवून ठेवलंय. त्यांनी स्वतः पाइप टाकून हौद भरला आणि त्यात बाप्पांचं विसर्जन केलं. वर, मी आल्यावर मलाच सुनावलं की लोक पाण्यासाठी तळमळतात आणि मी एकटी चांगलं पाणी दडवून बसते!

काल सभेत मी सांगून टाकलं की ते मोरीचंच पाणी होतं. मला वाटलं, भिंत वाचली. पण ठराव काय झाला माहीत आहे? ज्या पाण्यात बाप्पा गेले ते आता पवित्र, ते संडासात ओतणं म्हणजे विटंबना, म्हणून पाइप बंद! परवापर्यंत घाण म्हणून नको, आता पवित्र म्हणून नको. आज हिंदुरावांनी भिंतीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि वर जाणारा पाइप कापून टाकला. वरच्या रांगेपर्यंत बादली माझ्याच्यानं उचलवत नाही. उन्हानं संध्याकाळपर्यंतच कर्दळीनं माना टाकल्यात. दादा, मी रडले रे.

लोभ असू दे. आणि हसलास तर याद राख.

तुझी पद्मजा

नारायण पेठ,
१ ऑक्टोबर २०१५

चि. पद्मजास,
अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. माझं मागचं पत्र फाडून टाक.

पुण्यात जन्म गेला, मूर्खपणा पुष्कळ पाहिला. पण आधी पूजा करून मग गळा दाबायचा, हा प्रकार मलाही नवा आहे. रात्रभर चरफडत होतो.

शनिवारी तुझ्याकडे राहायला येतोय. मुक्काम कर्दळ तरारेपर्यंत. ठराव पाइपबद्दल आहे, बादलीबद्दल नाही. आंघोळीचं पाणी टबात धरीन आणि वरच्या रांगेत ओतीन. गुडघा गेलाय, हात शाबूत आहेत.

हिंदुरावांना आत्ताच कळव की यापुढे टाकीत उतरेल ते पाणी देवाचं नाही, माझ्या आंघोळीचं आहे. संडासात बेलाशक ओतावं. शंका असेल तर त्यांनी सकाळी मोरीपाशी येऊन खात्री करून घ्यावी.

बाकीचा लोभ भेटीत.

तुझा दादा