तुझी खळ आणि मारवेलचं बी

आई, तुझी खळ चांगली होती. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं लिहिता लिहिता माझा राग आड येईल आणि मुख्य गोष्टच राहून जाईल.

एकोणीसशे तीस सालच्या सुमाराची गोष्ट. चौलच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर शेठचा गवताचा मळा होता. तिथलं मारवेल गवत म्हशी चाटूनपुसून खात, पण ते वाढे जेमतेम गुडघ्याएवढं. मुंबईच्या तबेल्यांना तर मचवे भरभरून गवत हवं असे. म्हणून शेठने पुण्याला शिकलेले एक साहेब आणले आणि साहेबांनी घाटावरचं उंच मारवेल आणलं. आपल्या गवताची चव आणि त्याची उंची एकाच रोपात उतरवायची, असा बेत होता. हे नाजूक काम बाबांकडे आलं. संध्याकाळी आपल्या बुटक्या गवताच्या तुऱ्यातली फुलं सुईने उकलायची, आतले न उमललेले पुंकेसर काढून टाकायचे, सकाळी उंच गवताचा पराग त्या फुलांवर झटकायचा आणि दुसरा कुठला पराग लागू नये म्हणून तुऱ्याला कागदाची पिशवी घालायची. दोरा बांधला तर काडी चिरते, म्हणून पिशवीचं तोंड खळीने चिकटवायचं. ती खळ तू करायचीस. चुलीपाशी तू बसली आहेस, तांदळाचं पीठ पाण्यात कालवते आहेस, मंद आचेवर ढवळते आहेस, चिमटीत धरून चिकटपणा बघते आहेस. आम्ही पोरं पेजेची वाट बघतोय आणि तू म्हणतेस, "थांबा रं, आधी गवताचं जेवन होऊ द्या." तेव्हा घरात सगळं बरं चाललं होतं.

बी धरलं, पेरलं, उगवलं. पण प्रत्येक रोप थेट आपल्या बुटक्या गवतासारखं. बापाचा, म्हणजे त्या उंच गवताचा, मागमूस नाही. मी बाबांचं जेवण घेऊन मळ्यात गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं. साहेब म्हणाले, "संकर झालेलाच नाही. याच गवताचा पराग आत शिरला. पिशव्या नीट चिकटवल्या नव्हत्या." खाडीवरच्या दमट वाऱ्याने दोन-चार पिशव्या सुटल्या होत्या हे खरंच. बाबा मान खाली घालून उभे होते. मग म्हणाले, "माझा हात न्हाय चुकला, साहेब. खळ बायको शिजवते. पातळ केली असंल तिनं."

घरी येऊन त्यांनी खळीचं भांडं पायाने लवंडलं. "कालवण करतीस तशी खळ केलीस, व्हय? माझ्या पोटावर पाय देशील एक दिस." तू जमिनीवरची खळ फडक्याने पुसत राहिलीस. पुढच्या हंगामात तू ती इतकी घट्ट केलीस की ढवळून तुझ्या हाताला फोड आले, आणि स्वतः मळ्यात जाऊन एकेक तोंड दाबून बसलीस. एकही पिशवी सुटली नाही. तरी रोपं तशीच. शेठचा धीर सुटला, त्याने मळा मोडला आणि बाबा मिठागरात मीठ ओढायला लागले. त्यांच्या पायांना चिरा पडल्या. लग्नाकार्यात, कुणाच्याही ओटीवर, ते एकच रडगाणं गात, की हिच्या खळीनं माझी नोकरी गेली. त्याहून वाईट म्हणजे हळूहळू तूही तसंच सांगू लागलीस.

म्हणून तर शेवटच्या तापात तू अलिबागहून डॉक्टर आणू दिला नाहीस. "नगं. माझ्यापायी त्यांचं आधीच लई गेलंय," म्हणालीस. बाबांनी आग्रह केला नाही. तू गेलीस.

आता मी एका शेतकी कॉलेजात गवताच्या विभागात काम करतो. परवा आमच्या वरिष्ठांनी सूक्ष्मदर्शकाखाली मारवेलच्या फुलाचा काप दाखवला. म्हणाले, "या गवताचं बी बापाविना धरतं. पराग लागतो, पण तो दाण्यातलं पीठ भरायला. कोंब निघतो तो सगळा आईचा, तिच्याच अंगच्या पेशीतून. आणि ही खोड पिढीजात आहे, पुढची रोपंही तीच उचलतात. एखादंच चुकार रोप मिश्र निघतं." मी विचारलं, "पिशव्या कितीही घट्ट चिकटवल्या तरी?" ते हसले. "लोखंडाच्या घातल्यात तरी." मी उठून बाहेर गेलो आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. साहेबांना हे ठाऊक नव्हतं, त्या काळी फार थोड्यांना ठाऊक असेल. पण तुला दोष द्यायला कुणाला काही ठाऊक असावं लागलं नाही.

सुट्टीत घरी गेलो. बाबा आता थकलेत, दिवसभर पडवीत बसून असतात. त्यांना सगळं सावकाश समजावलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग दोन्ही तळवे समोर धरून म्हणाले, "म्हंजे माझा हात साफ व्हता." शेजाऱ्याला हाक मारून त्यालाही ते सांगितलं. तुझं नाव नाही. मी वाट पाहिली. संध्याकाळ झाली, जेवायला बसलो, तरी नाही.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, बाबांना तर नाहीच. तुझं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, आई. पण इतक्या वर्षांत त्यांना असं खुशीत पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या खुशीत बसून राहावंसं वाटलं. मी त्यांना आणखी भात वाढला.