बडी म्हणून मेघना

२ जून, सोमवार
एचआरचा वार्षिक सर्व्हे आला. कामात मन किती लागतं, ताण किती वगैरे. एका प्रश्नाशी अडले: ऑफिसात मनातलं बोलता येईल असं कुणी आहे का? गेल्या वर्षी पाचपैकी पाच दिले होते. मेघना होती म्हणून. अख्ख्या ब्रिस्टल ऑफिसात मराठी आम्ही दोघीच. ती पुण्याची, मी नागपूरची. रोज एकमेकींच्या डब्यातलं खायचो, माझ्या तिखटावरून चिडवायची.
यंदा एक दिला.

५ जून
कारण लिहूनच ठेवते. चौदा एप्रिलला सुट्टी घेऊन लंडनला गेले होते. बाबासाहेब शिकायला असताना राहायचे ते घर बघायला. दुसऱ्या दिवशी जेवताना मेघनाला फोटो दाखवले. आडनावावरून तिला तोवर अंदाज आला नव्हता वाटतं. "अच्छा, म्हणजे तुम्ही..." एवढंच म्हणाली आणि पाणी प्यायली. तिसऱ्या दिवसापासून तिचं डाएट सुरू. सँडविच, स्वतःच्या डेस्कवर. आणि मी दीड महिना वाट बघतेय, डाएट संपायची. मूर्खच आहे मी.

१२ जून
सर्व्हे म्हणे निनावी. टीममध्ये माणसं सहा! मॅनेजर हेलनने बोलावलं. "हल्ली फार गप्प असतेस. कामात रस उरला नाही का?" रस आहे गं बाई. पण टेस्ट रिपोर्टमध्ये तोच आकडा दोनदा चुकवला. समोर मेघना आणि बाकीचे हसत होते, आणि ते माझ्यावर तर नाही ना, हेच डोक्यात... असो. थकलेय, असं सांगितलं.

१६ जून
हेलनने उपाय काढला. बडी स्कीम, म्हणजे प्रत्येकाला ऑफिसातलाच एक सोबती जोडून द्यायचा. दर गुरुवारी अर्धा तास कॉफी. माझी बडी कोण, तर मेघना. "तुमचं दोघींचं छान जमतं ना, भाषाही एक." किती आनंदात सांगत होती. थँक यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

१९ जून
पहिली कॉफी. मेघना अर्धा तास इंग्रजीत. आमच्यात इंग्रजी कधीच नव्हतं. डेडलाइन, पार्किंग, मुलीची शाळा. शेवटी विचारलंच, "मेघना, माझं काही चुकलं का?"
"नो नो, ऑल गुड."
स्कीमचा फॉर्म भरून द्यायचा असतो, त्यावर तिनेच लिहिलं, छान गप्पा झाल्या. मी खाली सही केली. नंतर रिकाम्या मीटिंग रूममध्ये डबा उघडला. तसाच बंद केला. इतकं एकटं मला इथे आल्याच्या पहिल्या हिवाळ्यातही वाटलं नव्हतं.

२४ जून
घरी फोन. आई म्हणाली, "नोकरी करायला गेलीस ना, मैत्रिणी जमवायला नाही. गप बस." मग बाबांनी फोन घेतला. "सांगून टाक. गप्प बसायची सवय लागते मग." दोघांचंही पटलं, तीच पंचाईत.

२७ जून, शुक्रवार
सांगितलं हेलनला. बडी बदल, आणि का ते. जात म्हणजे काय, इथपासून सुरुवात. "पण तुम्ही दोघी तर इंडियनच ना?" तरी नीट ऐकलं तिने, वहीत लिहून घेतलं. मग म्हणाली, मेघनाची बाजूही ऐकावी लागेल. सोमवारी बोलते तिच्याशी. तुझं नाव घेऊ का?
न घेऊन कुणाला कळायचं राहणार होतं? घे म्हटलं.
जागेवर आले तर मेघना निघायच्या तयारीत. तिला अजून काहीच माहीत नाही. बॅग खांद्याला लावून म्हणाली, "हॅव अ नाइस वीकेंड." आज चक्क थांबून म्हणाली.
"यू टू," म्हटलं.