M म्हणजे मोठा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेलाच आहे, सावकाश वाच). तब्येत आता कशी आहे? टाके सुकले का? जिथे दुखत असेल तिथे जप. भाऊजींनाही नमस्कार. त्यांचा माझ्यावरचा राग अगदी रास्त आहे, तो त्यांनी एवढ्यात सोडू नये.

छापखान्याने मला घरी प्रुफं तपासायला दिलेला संगणक लिनक्सवर चालतो. त्याच्या कीबोर्डवरची आवाजाची बटणं माझ्याआधीच्या प्रूफरीडरने (चहा पाजून) कायमची गप्प केली आहेत. म्हणून आवाज कमीजास्त करायचा तर काळ्या खिडकीत कमांड लिहावी लागते. amixer set Master 5%+ म्हणजे पाच टक्क्यांनी वाढव. शेवटचं अधिक चिन्ह गाळलं, तर आवाज थेट पाच टक्क्यांवर येऊन बसतो. जन्मभर लोकांचे अनुस्वार पकडणाऱ्या माझ्या हातून ते चिन्ह एका रविवारी, तुझा व्हिडिओ कॉल चालू असताना, राहून गेलं. तू एकदम लांब गेल्यासारखी झालीस आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं. पुढ्यात गुरांच्या आजारांवरचं चारशे पानी पुस्तक होतं. पुढचे तीन रविवार मी ते चिन्ह मुद्दाम गाळलं. तुझे ओठ थांबले की मी "हो ताई, नक्की" म्हणायचो. तशाच एका "नक्की"वर विसंबून तू ऑपरेशनच्या दिवशी माझी वाट पाहिलीस, आत नेईपर्यंत दाराकडे बघत होतीस, हे भाऊजींच्या चिठ्ठीतून कळलं. त्या वेळी मी गाईच्या चौथ्या पोटातला एक हरवलेला काना शोधत होतो.

म्हणून गेल्या रविवारी माफी मागायला मी स्वतः कॉल लावला. तुझा एक शब्दही निसटू नये म्हणून कमांडच्या नादी न लागता alsamixer उघडलं. त्यात आवाजाचे उभे खांब दिसतात. तिथे M दाबला. M म्हणजे मोठा, अशी माझी समजूत. खांबाखाली दोन M उमटले. मला वाटलं, यंत्राला माझी कळकळ पोचली. मग मी पाऊण तास पश्चात्ताप केला, रडलोसुद्धा. शेवटी तू काहीतरी विचारलंस. माझ्याच हुंदक्यांत ते ऐकू आलं नाही, असं मला वाटलं. तुझे डोळे भरले होते, म्हणजे माफच करत असणार, म्हणून मी मान डोलावून म्हणालो, "हो ताई, नक्की."

तू कॉल बंद केलास. दुसऱ्या दिवशी छापखान्यातल्या दुरुस्तीवाल्याने शांतपणे सांगितलं, "साहेब, MM म्हणजे मुका." आणि तू काय विचारलं होतंस ते भाऊजींनी कळवलं: "निदान मी मेल्यावर तरी येशील का रे?"

ताई, लहानपणी माझं बोबडं बोलणं घरात एकट्या तुला समजायचं. तू ते बाकीच्यांना नीट करून सांगायचीस. मला माफ कर.

तुझा,
धडधाकट कानांचा बहिरा भाऊ

ता. क. शनिवारी येतोय, आठवडाभर राहीन. संगणक आणत नाही.

आणखी एक ता. क. हे भाऊजींना वाचून दाखवू नकोस. तू सलग तीन रविवार सगळं सविस्तर सांगितलंस, त्यामुळे विचारायला जीभ रेटत नाही. पण तुला उठवताना हात कुठे लावायचा नाही, एवढं तरी मला ठाऊक हवं. ऑपरेशन कशाचं होतं गं?